‘नाही’ म्हणणारा माणूस : ‘द वेस्ट विंग’मधली राष्ट्राध्यक्षाची सत्ता



आजचा विषय एका टीव्ही मालिकेचा आहे. काही जणांना वाटलं असेल, सत्तेच्या नीतीवर बोलायचं तर मालिका कशाला? इतिहास काय कमी पडला? शंका रास्त आहे. माझं उत्तर असं, की इतिहासात आपल्याला निर्णय दिसतो, पण निर्णय झाला ती खोली सहसा दिसत नाही. कागदपत्रं खुली व्हायला वर्षानुवर्षं जातात, आणि आत्मचरित्रात जो तो आपली बाजू सावरून लिहितो. नाटकाला मात्र त्या खोलीचं दार उघडता येतं. दुसरं कारण म्हणजे, मालिका बघताना आपण त्या माणसाच्या प्रेमात पडतो. मग त्याने काहीही केलं तरी आपण त्याच्या बाजूने युक्तिवाद शोधू लागतो. या सवयीबद्दल मला शेवटी बोलायचं आहे.

आधी थोडी ओळख. ‘द वेस्ट विंग’ ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९९९ ते मे २००६ या काळात सात हंगाम चालली. लेखक अ‍ॅरन सॉर्किन. पहिले चार हंगाम प्रामुख्याने त्याच्या लेखणीचे. मग तो बाहेर पडला. व्हाइट हाउसच्या पश्चिमेकडच्या भागात राष्ट्राध्यक्षाचं आणि त्याच्या जवळच्या सहकाऱ्यांचं कार्यालय असतं, त्याला म्हणतात वेस्ट विंग. गोष्ट काल्पनिक राष्ट्राध्यक्षाची आहे : जोसाया बार्टलेट, जवळचे लोक त्याला जेड म्हणतात. न्यू हॅम्पशरचा माजी गव्हर्नर, अर्थशास्त्रातला नोबेलविजेता, डेमोक्रॅट, आणि श्रद्धाळू कॅथलिक. भूमिका केली आहे मार्टिन शीन यांनी. त्याचा जिवलग मित्र आणि चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयाचा प्रमुख, लिओ मॅकगॅरी. ही भूमिका जॉन स्पेन्सर यांची.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करून घेऊ. इंग्रजीत एकच शब्द आहे, पण मराठीत आपण दोन वापरतो : भारताचे राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. हा फरक नुसता शब्दाचा नाही. आपले राष्ट्रपती कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. कलम ७२ खालचा दयेचा अर्जसुद्धा त्याच वाटेने जातो. अमेरिकेत कार्यकारी सत्ता राज्यघटनेने एका माणसाच्या हाती दिली आहे. तिथला मंत्री सल्ला देतो, सही मात्र राष्ट्राध्यक्षाची, आणि सल्ला झुगारायची मुभाही त्याचीच. त्यामुळे त्या माणसाचा राग, त्याचा धर्म, त्याचं आजारपण, त्याची मुलं या सगळ्यांचा संबंध राज्यकारभाराशी येतो. ‘द वेस्ट विंग’मधले सगळे मोठे पेच इथूनच निघतात. त्यातले पाच मी घेणार आहे.

मोजून मारणं

पहिल्या हंगामाचा तिसरा भाग. राष्ट्राध्यक्षाचा डॉक्टर, मॉरिस टॉलिव्हर नावाचा तरुण नौदल अधिकारी, जॉर्डनला निघालेल्या लष्करी विमानात असतो. सीरिया ते विमान पाडते. टॉलिव्हरच्या घरी नुकतीच मुलगी जन्मलेली आहे. बार्टलेटला त्याचा लळा लागलेला आहे.

सेनाधिकारी पर्याय मांडतात : दारूगोळ्याची कोठारं, एक पूल, गुप्तचर खात्याची इमारत. लष्करी भाषेत याला म्हणतात ‘प्रमाणशीर प्रत्युत्तर’. जेवढं त्यांनी केलं, साधारण तेवढं आपण करायचं. बार्टलेट भडकतो. तो विचारतो, प्रमाणशीर प्रत्युत्तरात पुण्य ते काय? त्यांना आधीच ठाऊक आहे आपण कुठे मारणार. त्या जागा त्यांनी रिकाम्या केल्या असतील. हा तर ठरलेला हिशेब झाला, एक त्यांचा, एक आपला! प्राचीन रोमचा नागरिक नुसता ‘मी रोमन आहे’ एवढ्या शब्दांवर जगभर निर्धास्त फिरू शकायचा, मग आमच्या नागरिकाला ते संरक्षण का नाही?

आता खरं सांगा, हे ऐकताना त्याचं पटतं की नाही? मला तर पटतं. आणि मालिकेची खुबी अशी की त्याचा युक्तिवाद मूर्खपणाचा ठेवलेला नाही. सेनाधिकारी हुकुमाप्रमाणे दुसरा पर्यायही तयार करून आणतात : मुख्य विमानतळावर हल्ला. त्यात हजारो नागरिक मरतील. ही किंमत टेबलावर आल्यावर बार्टलेट मागे येतो आणि मनाविरुद्ध पहिल्याच योजनेला मान्यता देतो.

रात्री लिओशी त्याचं कडाक्याचं भांडण होतं. लिओचं म्हणणं साधं आहे. जगातलं सर्वांत बलाढ्य राष्ट्र असंच वागतं. प्रमाणात, जबाबदारीने, दया ठेवून. तुला सूड हवा आहे कारण मेलेला माणूस तुझ्या ओळखीचा होता. पण ज्या हाताने हुकूम निघणार तो तुझा नाही, देशाचा आहे.

लिओ हे बोलू शकतो, याचं महत्त्व लक्षात घ्या. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आलं असेल. साहजिक आहे. पण फरक आहे. रामशास्त्री न्यायाधीश होते, बोलायचा अधिकार त्यांच्या पदातच होता. लिओला कायद्याने काहीही अधिकार नाही. राष्ट्राध्यक्ष त्याला संध्याकाळी काढून टाकू शकतो. त्याचा ‘नाही’ टिकतो तो केवळ दोघांच्या मैत्रीवर. सगळी मदार मैत्रीवर, ही व्यवस्था मजबूत की कच्ची? हा प्रश्न बाजूला ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवारचे बारा

दुसरा पेच फेब्रुवारी २००० मध्ये दाखवलेल्या भागातला. सायमन क्रूझ नावाच्या अमली पदार्थांच्या विक्रेत्याने दोन खून केलेत. खटला केंद्रीय कायद्याखालचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सर्वोच्च न्यायालय शेवटचं अपील फेटाळतं. शनिवार-रविवार शब्बाथाचे, म्हणून देहदंडाची वेळ सोमवार, मध्यरात्रीनंतर एक मिनिट. राष्ट्राध्यक्षाच्या हातात साधारण अठ्ठेचाळीस तास.

अमेरिकेतले बहुतेक देहदंड राज्यांच्या कायद्याखाली होतात, आणि तिथे दयेचा प्रश्न राज्याच्या पातळीवर सुटतो. केंद्रीय गुन्ह्यांना मात्र माफी देण्याचा किंवा शिक्षा कमी करण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा. काँग्रेस त्याला अडवू शकत नाही, न्यायालय जवळजवळ नाहीच. हा भाग प्रसारित झाला तेव्हा केंद्र सरकारने १९६३ नंतर एकालाही देहदंड दिलेला नव्हता. म्हणजे लेखकाने त्या वेळी घडत नसलेली गोष्ट कल्पिली. पुढे जून २००१ मध्ये टिमथी मॅक्व्हेला ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटासाठी देहदंड झाला आणि प्रश्न कल्पनेतला राहिला नाही.

बार्टलेटला देहदंड मान्य नाही. त्याचा धर्मही नको म्हणतो. मग अडचण काय? एक, जनमत : त्याच्यासमोरचा आकडा सांगतो की ७१ टक्के लोक देहदंडाच्या बाजूने आहेत आणि तो त्यांचाही निवडलेला माणूस आहे. दोन, आणि हे अधिक वजनदार आहे : मी आज दया दाखवली आणि पुढच्याने दाखवली नाही, तर माणूस जगणार की मरणार हे ओव्हल ऑफिसात बसलेल्याच्या मनःस्थितीवर ठरेल. हे कसलं न्यायदान?

या भागात एक प्रसंग आहे. बार्टलेटच्या गावाकडचा धर्मगुरू, फादर कॅव्हना, भेटायला येतो. भूमिका केली आहे कार्ल माल्डन यांनी. तो विचारतो, तुला जेड म्हणू की मिस्टर प्रेसिडेंट? बार्टलेट जरा ओशाळून सांगतो की ‘मिस्टर प्रेसिडेंट’ बरं पडेल. या खोलीत सैन्य पाठवायचं का, कुठल्या जीवघेण्या रोगाच्या संशोधनाला जास्त पैसे द्यायचे, असे निर्णय घ्यावे लागतात. तेव्हा स्वतःला माणूस न समजता पद समजलं की सोपं जातं.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पेचात ‘तू माणूस म्हणून नको, पद म्हणून विचार कर’ हा लिओचा सल्ला बरोबर होता. त्याने हजारो जीव वाचले. इथे तोच सल्ला बार्टलेट स्वतःला देतो, आणि तो पळवाट ठरतो. कारण दयेचा अधिकार मुळात ठेवलाय तो नियमाने आपलं काम पूर्ण केल्यानंतर कुणा एका माणसाने माणूस म्हणून पाहावं, यासाठीच. पद दया करू शकत नाही. दया करायला माणूस लागतो.

फादर त्याला पुरात अडकलेल्या भाविकाची गोष्ट सांगतो. रेडिओवरची सूचना, होडी, हेलिकॉप्टर, सगळं नाकारून तो म्हणतो देव मला वाचवेल, आणि बुडून मरतो. वर गेल्यावर तक्रार करतो, तर देव म्हणतो, अरे सूचना, होडी, हेलिकॉप्टर कुणी पाठवलं होतं? बार्टलेटकडेही त्या दोन दिवसांत सांगणारे येऊन गेलेले असतात. तो शिक्षा रोखत नाही. वेळ निघून गेल्यावर फादर त्याला पहिल्यांदा ‘जेड’ म्हणून हाक मारतो, विचारतो, कबुली द्यायची आहे का? जगातला सर्वांत शक्तिशाली माणूस आपल्या कार्यालयाच्या गालिच्यावर गुडघे टेकतो. माणूस परत आला, पण उशिरा. क्रूझच्या उपयोगाचा तो राहिला नाही.

सतरावा माणूस

तिसरा पेच लपवाछपवीचा. बार्टलेटला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जासंस्थेचा आजार, कधी उसळतो, कधी वर्षभर शांत असतो. निवडणुकीआधी त्याने तो मतदारांना सांगितला नाही. पत्नी अ‍ॅबी स्वतः डॉक्टर आहे, तीच उपचार करते आहे. दुसऱ्या हंगामात, २००१ च्या वसंतात, राष्ट्राध्यक्षाचा प्रसिद्धी संचालक टोबी झीग्लर याला संशय येतो आणि त्याला सांगावं लागतं. हे गुपित कळलेला तो सतरावा माणूस.

टोबी चिडतो. बार्टलेटला वाटतं, याला आधी सांगितलं नाही म्हणून अहंकार दुखावला. पण टोबीचा मुद्दा निराळाच असतो. काही महिन्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षावर गोळीबार झाला होता. भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. सत्ता उपराष्ट्राध्यक्षाकडे तात्पुरती सोपवण्याच्या पत्रावर सही नव्हती. मग त्या काही तासांत देश कोण चालवत होतं? टोबीचा आरोप जवळजवळ सत्तापालटाचा आहे : मतदारांनी न निवडलेला माणूस, म्हणजे लिओ, निर्णय घेत होता. आपला लाडका लिओ!

हे लेखकाने हवेतून काढलेलं नाही. ३० मार्च १९८१ रोजी रेगन यांच्यावर गोळीबार झाला, शस्त्रक्रिया झाली. २५व्या घटनादुरुस्तीखालची कागदपत्रं तयार केली गेली, पण सही झाली नाही. उपराष्ट्राध्यक्ष बुश त्या वेळी टेक्साससाठी गेलेले, परतीच्या विमानात होते. त्याही आधी, ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांची पत्नी एडिथ आणि डॉक्टर यांनी त्याची तीव्रता लोकांपासून लपवली, आणि राष्ट्राध्यक्षापर्यंत कोणता कागद जायचा हे एडिथ ठरवू लागल्या. २५वी दुरुस्ती १९६७ मध्ये आली ती अशा प्रसंगांचा आणि केनेडींच्या हत्येचा धडा घेऊन.

आता यातला नैतिक पेच कुठे आहे? आजार ही खासगी बाब नाही का? सामान्य माणसाची नक्कीच आहे. बार्टलेट खोटंही थेट बोललेला नाही, फक्त सांगितलेलं नाही. पण बघा, गुपित ठेवल्यामुळे काय झालं. मतदाराला ‘नाही’ म्हणायची संधी मिळाली नाही. उपराष्ट्राध्यक्षाला, मंत्रिमंडळाला, काँग्रेसला प्रश्न विचारता आला नाही. सत्तेतलं गुपित बहुतेकदा यासाठीच असतं. माहिती दडवायची म्हणजे नकार देऊ शकेल त्याला आधीच खोलीबाहेर ठेवायचं.

या पेचाचा शेवट मला मालिकेतला सर्वांत प्रौढ वाटतो. जानेवारी २००२ च्या भागात काँग्रेस त्याच्याविरुद्ध निषेधाचा ठराव करायची तयारी दाखवते. बदल्यात चौकशी थांबेल, आणि लिओच्या जुन्या व्यसनाची लक्तरं वेशीवर टांगली जाणार नाहीत. लिओ म्हणतो, माझ्यासाठी हे करू नकोस. बार्टलेट सांगतो, लिओसाठी नाही. माझं चुकलं, मला ते कबूल करायचं आहे. सुरुवातीला हेतू वाईट नसेल, पण नंतर दुरुस्त करायच्या कितीतरी संधी आल्या होत्या. सरकारात हल्ली कुणी कशाचीच जबाबदारी घेत नाही. आणि तो ठराव स्वीकारतो. खऱ्या इतिहासात १८३४ मध्ये सिनेटने अँड्र्यू जॅक्सन यांचा असा निषेध केला होता. ते शेवटपर्यंत झगडले, आणि १८३७ मध्ये त्यांच्या समर्थकांनी तो ठराव नोंदीतून काढून टाकला. दोन वृत्तींमधला फरक तुमच्या लक्षात येईल.

बर्म्युडाची धावपट्टी

चौथा पेच सर्वांत काळा. तिसऱ्या हंगामाचा शेवट, मे २००२. अकरा सप्टेंबरला वर्षही झालेलं नाही. कुमार नावाच्या काल्पनिक आखाती देशाचा संरक्षणमंत्री अब्दुल शरीफ हा दहशतवादी कटाचा सूत्रधार आहे, गोल्डन गेट पूल उडवायचा बेत होता, असं गुप्तचरांचं म्हणणं आहे. त्याला अटक करता येत नाही, त्याला राजनैतिक संरक्षण आहे. पुरावा न्यायालयात टिकणार नाही, कारण तो एका कैद्याच्या छळातून आलेला आहे. पर्याय उरतो : अमेरिकेच्या भेटीवरून परतताना त्याचं विमान बर्म्युडातल्या धावपट्टीवर उतरवायचं आणि त्याला मारायचं.

अमेरिकेत याला बंदी आहे. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने परदेशी नेत्यांच्या हत्यांचे सीआयएचे कट उजेडात आणले. त्यानंतर १९७६ मध्ये फोर्ड यांनी राजकीय हत्येला मनाई करणारा कार्यकारी आदेश काढला, १९८१ मध्ये रेगन यांनी ती मनाई कायम ठेवली. पण कार्यकारी आदेश राष्ट्राध्यक्षाचा असतो आणि राष्ट्राध्यक्षच तो बाजूला ठेवू शकतो. कुंपण आहे, पण त्याची किल्ली आत बसलेल्याच्याच खिशात आहे.

सेनाप्रमुख, अ‍ॅडमिरल फिट्झवॉलेस, लिओला विचारतो, शांततेचा काळ कुठे संपतो आणि युद्धाचा कुठे सुरू होतो, हे तुला आता सांगता येतं का? मला, आयुष्य युद्धशास्त्रात घालवलेल्या माणसाला, येत नाही. आपण यामामोतोला मारलंच होतं की! संदर्भ खरा आहे : १८ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकी विमानांनी जपानचे अ‍ॅडमिरल यामामोतो यांचं विमान हेरून पाडलं. पण तेव्हा युद्ध पुकारलेलं होतं. लिओही हाच फरक दाखवतो. आणि तरीही हळूहळू तो अ‍ॅडमिरलच्या बाजूला सरकतो.

शेवटच्या क्षणी बार्टलेट म्हणतो, हे चूक आहे, सर्वस्वी चूक आहे. लिओ म्हणतो, माहीत आहे, पण तुला करावंच लागेल. का? कारण निवडून तू आलायस. आणि बार्टलेट हुकूम देतो.

मंडळी, आपण मघाशी जो प्रश्न बाजूला ठेवला होता, तो इथे घ्यायचा. तिसऱ्या भागात थांबवणारा लिओ होता. इथे ढकलणारा लिओच आहे! तोच माणूस, तीच मैत्री. फक्त काळ बदलला, भीती आली. खोलीत एकच शहाणा माणूस असेल आणि त्याच दिवशी तो हो म्हणाला, तर दुसरा अडसर कुठे आहे? काँग्रेसच्या मोजक्या नेत्यांना विश्वासात घेतलं जातं, पण गुप्ततेच्या शपथेखाली. जनतेला सांगितलं जातं की विमान बेपत्ता झालं. पुढे कुमार इस्रायलवर ठपका ठेवतो, आणि चौथ्या हंगामात इस्रायलच्या परराष्ट्रमंत्र्याचं विमान पाडलं जातं. ज्याचा या कटाशी संबंध नाही, असा माणूस मरतो.

शरीफ दोषी नव्हता, असं मालिका म्हणत नाही. ती सोपी वाट तिने टाळली आहे. माणूस दोषी असूनही, धोका खरा असूनही, कृती चूक असू शकते आणि करणाऱ्यालाही ते माहीत असू शकतं, इथपर्यंत ती आपल्याला आणून सोडते.

सत्ता खाली ठेवणं

पाचवा पेच त्याचंच फळ. मे २००३. बार्टलेटची धाकटी मुलगी झोई हिचं अपहरण होतं. तिचा अंगरक्षक मारला जातो. अपहरणकर्त्यांच्या मागण्या कुमारशी निगडित आहेत. आता ज्याच्या बोटाखाली जगातलं सर्वांत मोठं सैन्य आहे तो माणूस बाप आहे, आणि मुलगी ओलीस आहे.

पहिल्या पेचात त्याला नुसता ओळखीचा डॉक्टर गेल्यावर हजारोंना मारावंसं वाटलं होतं. तो स्वतःला ओळखून आहे. म्हणून तो २५व्या दुरुस्तीचं तिसरं कलम वापरतो आणि सत्ता तात्पुरती सोडतो. त्यात पेच असा की उपराष्ट्राध्यक्षाने काही दिवसांपूर्वीच एका भानगडीमुळे राजीनामा दिलेला, जागा रिकामी. मग वारसाक्रमाच्या १९४७ च्या कायद्याप्रमाणे पुढचा माणूस प्रतिनिधिगृहाचा सभापती : ग्लेन अ‍ॅलन वॉकन, कट्टर रिपब्लिकन, विरोधी पक्षाचा. भूमिका जॉन गुडमन यांची. एकाच वेळी काँग्रेसमध्ये आणि कार्यकारी पदावर राहता येत नाही, म्हणून वॉकनला सभापतिपदच नव्हे, प्रतिनिधिगृहाची जागाही सोडावी लागते. प्रभारीपद कदाचित चार दिवसांचं, राजीनामा मात्र कायमचा. तो देतो. विरोधकालाही लेखकाने मोठेपण दिलं आहे, हे सांगायला हवं.

प्रत्यक्षात या कलमाचा वापर झालाय तो बुश धाकटे यांनी २००२ आणि २००७ मध्ये, बायडन यांनी २०२१ मध्ये. दर वेळी वैद्यकीय तपासणीपुरता, काही तासांसाठी, आपल्याच पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षाकडे. विरोधकाच्या हाती चाव्या देण्याचा प्रसंग आलेला नाही.

बार्टलेटचे सहकारी घाबरतात. विरोधी पक्ष फायदा घेईल, लोकांना तो दुबळा वाटेल. पण माझ्या मते राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय आहे. ‘मी पद आहे, माणूस नाही’ हे सोंग तो इथे टाकून देतो. मी माणूस आहे, बाप आहे, म्हणूनच आज हे पद माझ्याकडे नको. खोलीत त्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी उरलेलं नसताना तो स्वतःच स्वतःला नाही म्हणतो, आणि तेही नुसतं मनात ठेवून नाही, तर सहीनिशी, कायद्याच्या भाषेत, परत सहज फिरवता येणार नाही अशा रीतीने.

नाव बदलून पाहा

आता सुरुवातीला म्हटलं ते. बार्टलेट आपल्याला आवडतो. तो विद्वान आहे, विनोदी आहे, रात्री देवाशी भांडतो. म्हणून शरीफच्या हत्येनंतर प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो, बिचाऱ्याला काय काय करावं लागतं! मारलेल्याबद्दल, फसवलेल्या जनतेबद्दल तेवढं वाटत नाही. मालिकेची ही मर्यादा आहे. कर्त्याच्या यातना दाखवल्या की कृतीचा हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. आजार लपवला म्हणून बार्टलेटने जाहीर निषेध स्वीकारला. माणूस मारवला, त्याचा तसा हिशेब त्याने कधीच दिला नाही.

यावर माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. नाव बदलून पाहायचं. सप्टेंबर २०११ मध्ये ओबामा यांच्या कारकिर्दीत येमेनमध्ये अन्वर अल-अव्लाकी या अमेरिकी नागरिकाला ड्रोनने मारलं गेलं, खटल्याशिवाय. जानेवारी २०२० मध्ये ट्रम्प यांच्या हुकमाने इराणचे जनरल कासेम सुलेमानी यांना बगदाद विमानतळाजवळ मारलं गेलं; ते एका राष्ट्राचे सेनाधिकारी होते. दोन्ही प्रसंगांचे तपशील वेगळे आहेत, कायद्याचे मुद्दे वेगळे आहेत. पण स्वतःला विचारा : यातल्या एकाबद्दल मी ‘नाइलाज होता’ म्हणतो आणि दुसऱ्याबद्दल ‘हा गुन्हा’ म्हणतो, ते तपशील वाचून, की हुकूम देणारा मला आवडतो की नाही यावरून? ओबामांच्या जागी ट्रम्प ठेवा, ट्रम्प यांच्या जागी बार्टलेट. मत बदललं, तर समजायचं की आपण अधिकाराबद्दल बोलतच नव्हतो, माणसाबद्दल बोलत होतो.

इथे कुणी म्हणेल, मग संकटात देशाने काय करायचं? समित्या नेमायच्या? पुढारी ठाम नको का? हवा. तिसऱ्या भागातला बार्टलेट प्रत्युत्तर देतोच, हात बांधून बसत नाही. प्रश्न ठामपणाचा नाही. ठाम माणसाला चूक दाखवणारा कुणी आहे का, त्याला तसं बोलायचा अधिकार मैत्रीने मिळालाय की कायद्याने, आणि निर्णय नंतर तरी उजेडात येणार आहे का, हे तीन प्रश्न आहेत. चांगल्या माणसाच्या हाती सत्ता असली की हे प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पण अधिकार आणि प्रथा चांगल्या माणसाबरोबर निघून जात नाहीत. बार्टलेटने वापरलेली वाट त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकासाठी मोकळी राहते, आणि येणाऱ्या प्रत्येकाजवळ लिओ असेलच असं नाही.

मालिका बघायची असेल तर सगळे हंगाम एकदम सुरू करू नका. पहिल्या हंगामातले मी सांगितलेले दोन भाग आधी पाहा, मग तिसऱ्या हंगामाचा शेवट. आणि लिओ बोलतो त्या प्रत्येक वेळी जरा थांबून विचार करा : आत्ता हा उठून गेला असता तर?

एवढं बोलून थांबतो.  आता प्रश्न घेऊ.